पंपाची सवय लागते का?

"मॅडम, पंप एकडाव लागला का मंग सुटत नाई म्हनते. आमच्या शेजारची म्हातारी पंप लागल्यावर सा महिन्यात गेली."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये मी समुपदेशक आहे. एरवी बीपी-शुगरचे पेशंट जास्त. पण कापूस वेचणीच्या दिवसांत थंडी पडली की दम लागणारे वाढतात, आणि हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर येतं. पंप म्हणजे दमाचं औषध तोंडाने ओढायचा इनहेलर. परवा एका मुलाने हेच विचारलं, तेव्हा मला हेच म्हणणाऱ्या एक मावशी आठवल्या. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे उचलून श्वास घेत होत्या. एक वाक्य पूर्ण करायला त्यांना दोनदा थांबावं लागे. सोबत मुलगा आणि सून. दम दोन-अडीच वर्षांपासूनचा. तेवढ्या काळात सगळं करून झालेलं. तालुक्याला जाऊन इंजेक्शनं, कोजागिरीच्या रात्री औषधाची खीर, मृग लागताना हैदराबादला जाऊन जिवंत मासोळी गिळणं. त्यानंतर एकाची पांढरी पुडी. तिने महिनाभर छान वाटलं, मग तोंड सुजलं, शुगर वाढली. आमच्या डॉक्टरांना त्यात स्टेरॉइड असावं असा संशय आला. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून ती त्यांनी आपल्या देखरेखीखाली हळूहळू सोडवली.

मावशींना पंपही लिहून दिलेला होता, कुठल्याशा दवाखान्यात. तो घरी पडून होता.

मासोळीवरून मी कुणालाच बोलत नाही. जो मुलगा दोन रात्रींचा प्रवास करून आईला हैदराबादला नेतो, तो कित्येक रात्री तिचा खोकला ऐकत जागा राहिलेला असतो. हे आपल्याला कळलंय एवढं तरी त्याला आधी आपल्या चेहऱ्यावर दिसायला हवं.

पहिल्या भेटीत मी पंधरा-वीस मिनिटं समजावलं. पंपाची सवय लागत नाही. आजार जुनाट आहे म्हणून औषध रोजचं आहे, शुगरची गोळी रोजची असते तसं. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, आणि त्याच औषधाच्या पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा चाळिसावा हिस्सा. गोळी म्हणजे पाटाने सगळ्या वावराला पाणी, पंप म्हणजे थेट मुळाशी ठिबक. मुलाला पटलं. मावशींनीही मान हलवली. शेजारच्या म्हातारीचंही बोललो. तिला पंप मिळाला तोच फार उशिरा, म्हणून तो शेवटचा ठरल्यासारखा दिसला. "पंप" या शब्दाचीच आमच्याकडे एक धास्ती आहे असंही मला वाटतं. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवरच्या त्या पंपाची आठवण गावांतून गेलेली नाही.

तीन आठवड्यांनी मावशी परत आल्या, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. "औषध रोज घेतो," म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ, एकबी दिवस नाई चुकोला."

मी म्हटलं, "मावशी, कसं घेता ते मला करून दाखवा बरं."

त्यांनी पिशवीतून डबी काढली, पारदर्शक कॅप्सूल तळहातावर घेतली, सुनेकडे पाणी मागितलं, आणि गिळली. ज्यात ती कॅप्सूल घालून ओढायची ते यंत्र रुमालात बांधलेलं होतं, नवंकोरं. यंत्र म्हणजेच पंप, तो लागला की सुटत नाही, म्हणून तेवढं टाळून औषध मात्र इमानदारीनं चालू होतं.

ते पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना कुणी करून दाखवलं नव्हतं, आणि मीही त्यांना करून दाखवा म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला मी आधी "दाखवा" म्हणते आणि मग बोलते. कुणी कॅप्सूल गिळतं, कुणी पंप हवेत मारून तोंड उघडं धरतं, कुणाचा पंप सहा महिन्यांपूर्वीच संपलेला असतो.

ते यंत्र जोरात ओढावं लागतं आणि मावशींना तेवढी ताकद नव्हती. डॉक्टरांनी दाबायचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) दिला. आम्ही तिथेच तीनदा केलं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, एकदा दाबायचं, हळूहळू ओढायचं, दहा आकडे श्वास धरायचा. दुसरा पफ पुन्हा पहिल्यापासून. स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाही तर तोंड येतं. चौथ्यांदा मावशींनी स्वतः केलं आणि सून मोठ्याने आकडे मोजत होती.

थुंकीची टीबीसाठी तपासणी निगेटिव्ह आली. मग यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची तपासणी झाली. त्यात पूर्ण छाती भरून नळीत जोराने, सहा सेकंद तरी फुंकायचं असतं. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. त्यानंतरही पहिल्या सेकंदाला बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्या खाली राहिली, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा जुनाट आजार धरतात. मावशींचं तसंच निघालं. मावशी परत येऊन म्हणाल्या, "चूल फुकल्यावानीच हाय की ते."

आजाराचं मूळही चूलच होतं. "म्या बिडी पेली नाई, तंबाकू नाई. मलेच काऊन?" त्यांनी विचारलं होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं, की बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा मोठा वाटा आहे. मावशींनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पराट्या, तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या काड्या) आणि गोवऱ्या जाळून स्वयंपाक केलेला. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरी सिलिंडरही आलं. पण त्यावर चहा आणि भाजी. भाकर चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर. सिलिंडर पुरवून वापरणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तरी एवढं ठरलं, की फेब्रुवारीपासून पाण्याचं भांडं अंगणात उन्हात ठेवायचं, आणि चूल घरातून काढून बाहेर पडवीच्या टोकाला न्यायची. मावशी धुराजवळ बसणार नाहीत. सून म्हणाली, "मंग म्या बसतो." तिला मी थांबवलं. तिचीही फुप्फुसं तसलीच आहेत, तिशीची. भाकरी गॅसवर करायला त्या घरात आणखी दोन महिने लागले.

मुलाच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. फुप्फुसं नव्यासारखी करून देतो म्हणणारा, काही लाखांचा स्टेम सेल (मूळपेशी) उपचार. "वावर गहाण टाकतो मॅडम, पन मायले बरं करनारी ट्रीटमेंट पाह्यजे." त्याच्याशी मी वेगळी बसले. सरळ सांगितलं, भाऊ, या आजारात फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत आणणारं औषध आज नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल संशोधनाबाहेर देताच येत नाही. वावर राहू द्या. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे काईच नाई?"

त्याच्या या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देते. "बरं होणार नाही" हे ऐकल्यावर घरचे "काहीच करता येणार नाही" असं घेऊन जातात. करण्यासारखं खूप असतं, फक्त ते रोजचं असतं. नीट घेतलेला पंप. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, डॉक्टरांना विचारून. त्याने घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायचंही ठरवलं होतं, पण मावशींचा ऑक्सिजन बसल्या जागी ९४ टक्के होता. तो ८८ किंवा खाली राहत असेल तर डॉक्टर तपासून घरी ऑक्सिजन देतात, आणि तोही दिवसाचे पंधरा तास तरी लावावा लागतो. दम लागला की पाच मिनिटं लावायची ती वस्तू नाही.

आणि चालणं. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसला की पायांची ताकद जाते, मग चार पावलांत आणखी दम. मावशींना विचारलं, कुठवर जाता आलं पाहिजे? म्हणाल्या, "मारुतीच्या पारावर." घरापासून पारापर्यंत विजेचे सहा खांब. पहिल्या दिवशी एका खांबाशी त्या टेकल्या. फिजिओथेरपिस्टने श्वास शिकवला: नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळू सोडायचा, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. फुंकणी धरल्यासारखे ओठ, पण जोर नाही. खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा. थकल्यावर थांबायचं, दुसऱ्या दिवशी परत. उन्हं तापायच्या आत, सकाळी सहालाच. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा दुपारी दार लावून घरातच.

मधे एकदा घसरलं. कफ हिरवा झाला, दम वाढला. हे झालं की त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, आणि ओठ निळे पडले किंवा माणूस बरळायला लागला तर थेट १०८ ला फोन, हे मुलाच्या वहीत लिहून दिलेलं होतं. तो त्याच दिवशी घेऊन आला. चार दिवस भरती, मग घरी. चालणं पुन्हा दुसऱ्या खांबापासून.

आठव्या-नवव्या आठवड्यात पाच खांब झाले, मधे दोनदा थांबून. सहावा पावसाळ्याच्या तोंडाशी. दम अजून लागतो, पंप रोज चालू आहे. लिंपायला, पाणी भरायला त्या आता जात नाहीत, याचं त्यांना वाईट वाटतं आणि ते त्या बोलूनही दाखवतात.

गेल्या महिन्यात ओपीडीच्या रांगेत त्या माझ्याआधीच एका बाईजवळ जाऊन बसल्या होत्या. त्या बाईच्या हातात तीच डबी होती. मावशी तिला विचारत होत्या, "कॅपसूल गिळत तं नाई ना व? दाखव बरं मले, कशी घेतं."