आपत्तीत मुलांसाठी चाललेल्या मदतकार्याची कामगिरी कशी मोजतात?

किती पाकिटे वाटली यापेक्षा मुलांच्या प्रकृतीत काय फरक पडला, हे मोजावे लागते. तीव्र कुपोषणावरील उपचार केंद्राचेच पाहा: सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला की त्याला दाखल करतात, आणि मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय किमान मानकांनुसार केंद्रातून बाहेर पडणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक बरे झालेले, १० टक्क्यांहून कमी दगावलेले आणि १५ टक्क्यांहून कमी उपचार अर्धवट सोडलेले असावेत, अशी अपेक्षा असते. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. तो वाढला की बहुधा केंद्र लांब असते, वाट असुरक्षित असते किंवा आईला घरची इतर मुले सोडून येता येत नसते. हे नोंदवहीत दिसत नाही, त्यासाठी पालकांशीच बोलावे लागते.