‘नाही’ म्हटल्यावर घरात काय होतं?

तरुण मुलामुलींच्या नात्यांविषयी पत्रं मागवली होती. त्यांतली चार इथे घेतली आहेत. ओळख कळेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. धाकट्या बहिणीला ‘पाणी आण’, ‘चार्जर दे’ असं फर्मावतो. तिने नकार दिला की टपली मारतो. सासूबाई म्हणतात, भावाबहिणीत चालायचंच. मी उगाच बाऊ करतेय का? (एक आई, सातारा)

नाही. दोघं बरोबरीने भांडत असती, तर मी काळजी केली नसती. मला खटकली ती टपलीची वेळ. ती ‘नाही’ म्हणते आणि मग टपली बसते. नकार दिला की शिक्षा होते हे तो शिकतोय, आणि तीही शिकतेय. पुढे हाच हिशेब तो बायकोशी मांडेल.

टपली दिसली की तिथल्या तिथे, आवाज न चढवता सांगा, “ती नाही म्हणाली. तू ऊठ आणि घे.” मुलीला ‘जाऊ दे, दादा आहे’ असं मात्र म्हणू नका. आणि त्याच्या बाबांशीही बोला. जेवताना त्यांनी ‘आमटी’ एवढाच शब्द उच्चारला की कोण उठतं, हे मुलगा रोज बघतो. बाबा स्वतः उठून वाढून घ्यायला लागले, तर माझ्या दहा व्याख्यानांचं काम होईल.

प्रश्न : माझा मित्र फोनचा पासवर्ड मागतो. मैत्रिणींबरोबर गेले की लोकेशन पाठवायला लावतो. ऑनलाइन दिसले आणि रिप्लाय दिला नाही तर रात्रभर भांडतो. हात कधी उचललेला नाही. म्हणतो, प्रेम आहे म्हणून काळजी. (वय १९, लातूर)

काळजी असलेला माणूस ‘पोचलीस का?’ विचारतो आणि उत्तर मिळालं की निवांत होतो. ताबा हवा असलेल्याचं कितीही सांगितलं तरी पुरत नाही. आज लोकेशन, उद्या फोटो, परवा ‘ती मैत्रीण मला पसंत नाही’.

‘पासवर्ड देणार नाही’ एवढं त्याला सांगितलंस तर काय होईल, याचा विचार कर. तो थोडा रुसेल आणि सोडून देईल असं वाटत असेल, तर सांगून बघ. सांगायच्या नुसत्या कल्पनेनेच पोटात गोळा येत असेल, तर तुझं उत्तर तुला मिळालं आहे. मग नातं संपवायला एकटीने भेटायला जाऊ नकोस. मेसेज जपून ठेव आणि विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सगळं सांग. फोटो पसरवण्याची किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन कर.

‘हात उचलला नाही’ हे वाक्य मला बहुतेक पत्रांत भेटतं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा मारहाणीपाशी थांबत नाही. अपमान, धमक्या, पैशांची कोंडी यांनाही तो हिंसाच म्हणतो. तो एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, पण त्यातली समज तुझ्या नात्यालाही लागू पडते.

प्रश्न : आठवीला शिकवतो. वर्गात या विषयावर बोलायचं आहे, पण पालक म्हणतात, ‘असलं काही शिकवू नका’. (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक)

सर, सुरुवात घरकामापासून करा. घरात आधी कोण उठतं, शेवटी कोण जेवतं, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. त्याला कुठलाच पालक हरकत घेणार नाही, आणि बाकीचं बोलणं तिथूनच निघतं. मुंबई महापालिकेच्या शाळांत २००८ पासून कोरो ही सामाजिक संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू ही स्त्रियांच्या प्रश्नांवरची संशोधन संस्था यांनी सहावी-सातवीच्या मुलांबरोबर स्त्री-पुरुष समानतेचा जो ‘जेम्स’ कार्यक्रम केला, त्यातही कामाच्या वाटणीपासून हिंसेपर्यंत सगळे विषय होते.

एका वर्गात मी विचारलं होतं, “घरात कोणाच्या रागाला सगळे घाबरतात?” मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “पप्पांच्या गाडीचा आवाज आला की आम्ही टीव्ही बंद करतो.” पाच-सहा जणांनी माना हलवल्या. त्या दिवशी मी पुढचा धडा घेतलाच नाही. आम्ही त्या आवाजाबद्दलच बोललो.

पालकांच्या सभेत एक आकडा जरूर सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य वाटलं. सर्वाधिक पटलेलं कारण होतं सासरच्यांचा मान न ठेवणं. आपण बोललो नाही, तरी मुलं हे घरात शिकतच असतात.

मात्र तयारी करूनच वर्गात जा. एखादं मूल स्वतःवरचा प्रसंग सांगेल. तेव्हा सगळ्यांसमोर खोदून विचारू नका, आणि ज्याच्याविरुद्ध सांगितलं त्यालाच बोलावून शहानिशा करू नका. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक फळ्यावर कायम लिहिलेला असू द्या. लैंगिक अत्याचार असेल, तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

प्रश्न : वडील आईला मारायचे. मी तसा होणार नाही असं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात बायकोशी भांडताना मी मोबाईल भिंतीवर आपटला. ती आईसारखीच अंग चोरून उभी राहिली. हे रक्तातच असतं का? (वय २६, कोल्हापूर)

रक्तात नसतं. बघून शिकलेलं असतं, आणि शिकलेलं सोडता येतं. तू पत्र लिहिलंस हे मला मोठं वाटतं. तरीही स्पष्ट सांगते, तो मोबाईल म्हणजे हिंसाच होती. पुढची पाळी तुझी, असं तिला त्यातून ऐकू आलं. राग अनावर झाला म्हणतोस, पण साहेबांनी झापल्यावर त्यांच्यासमोर मोबाईल आपटला होतास का? तिथे आवरता येतो, म्हणजे आवरता येतो.

तिची माफी माग, आणि त्यात ‘पण’ हा शब्द आणू नकोस. तिला चार दिवस माहेरी जायचं असेल तर अडवू नकोस. १८१ हा क्रमांक तूच तिला दे. समुपदेशकाकडे आधी एकटा जा, जोडीने नंतर बघता येईल. पुरुषांशी याच प्रश्नावर बोलणारी माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईत हरीश सदानी यांची ‘मावा’ ही संघटना १९९३ पासून हे काम करते आहे.

भांडण तापायला लागलं की ‘अर्ध्या तासाने येतो’ असं सांगून बाहेर पड, आणि खरोखर अर्ध्या तासाने परत ये. आल्यावर ती ‘मला आत्ता बोलायचं नाही’ म्हणाली, तर त्या रात्री विषय तिथेच थांबव.