नर्सरी ते बारावी एकाच गेटमधून? आधी सातवीचा वर्ग बघून या

ॲडमिशनचे दिवस आले की आपल्या प्रश्नपेटीत शाळेचीच पत्रं जास्त येतात. यावेळी चार निवडलीत. मी नाशिकच्या खाजगी शाळांमध्ये सव्वीस वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं प्राथमिक विभाग सांभाळला, त्यामुळे जे लिहितेय ते बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

प्रश्न: ताई, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मुलगी येत्या ऑक्टोबरला तीन वर्षांची होईल. गंगापूर रोडकडची एक शाळा बघून आलो, नर्सरी ते बारावी एकाच कॅम्पसमध्ये, ते म्हणाले एकदा ॲडमिशन घ्या आणि पंधरा वर्षं निवांत राहा. सीबीएसई पॅटर्न आहे. डेव्हलपमेंट फंड म्हणून ८० हजार वेगळे मागतायत, पावती मिळणार नाही म्हणाले. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, नंतर जागा मिळणार नाही. काय करावं? (एक आई)

उत्तर: ताई, पैशांचं आधी सांगते. देऊ नका. फीच्या वर असं पावतीशिवाय काही घेणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि ती घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. नंतर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी हेच सांगितलं, तिथे तर घेतलेल्या रकमेच्या दहापट दंडाची तरतूद आहे. आणि जी शाळा पहिल्याच भेटीत पावती देणार नाही म्हणते ती पुढची पंधरा वर्षं तुमच्याशी कशी वागणार याचा अंदाज तिथेच येतो.

वयाचं टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण झाली की नर्सरी आणि सहा पूर्ण झाली की पहिली, त्यामुळे ऑक्टोबरची मुलगी बसते. फक्त ती वर्गातल्या लहानांपैकी असेल. एक वर्ष थांबलात तरी तिचं काहीच बुडणार नाही, मी अशी कितीतरी मुलं बघितलीत की जी एक वर्ष उशिरा आली आणि पुढे सगळं मजेत केलं.

आता सीबीएसई पॅटर्न. हा शब्द ऐकला की मी सावध होते, कारण पॅटर्न वेगळा आणि संलग्नता वेगळी. पुस्तकं त्या पद्धतीची लावली म्हणून शाळा त्या बोर्डाची होत नाही. ऑफिसमध्ये सरळ विचारा, बोर्डाचा संलग्नता क्रमांक काय, तो कितवीपर्यंतचा आणि कुठल्या वर्षापर्यंतचा, आणि घरी येऊन बोर्डाच्या वेबसाईटवर तपासा. संलग्न शाळेला स्वतःच्या वेबसाईटवर मान्यतेची कागदपत्रं, फी, शिक्षकांची संख्या असं सगळं उघड ठेवावं लागतं. शाळेचा सरकारी नोंदीतला ११ आकडी यू-डायस नंबरही मागून घ्या. बारावीपर्यंत म्हणतायत तर बारावीची एक तरी बॅच बाहेर पडलीय का ते बघा, कारण बऱ्याच ठिकाणी बारावी अजून फक्त ब्रोशरमध्येच असते.

आणि हे झालं की माझं एक ऐका, नर्सरीचा वर्ग बघायच्या आधी सातवीचा वर्ग बघून या. खाजगी शाळेत नर्सरीवर पैसा खर्च होतो कारण पालक तिथनं आत येतात, आणि दहावीवर होतो कारण निकाल फ्लेक्सवर लागतो, पण चौथी ते आठवी ही मधली वर्षं कुणाला दिसतच नाहीत आणि पगार वाचवायचा तो तिथेच वाचवतात. मी होते त्या एका शाळेत सहावीच्या एका तुकडीला एका वर्षात गणिताचे चार शिक्षक झाले. अपूर्णांक तिघांनी सुरू केले आणि पूर्ण कुणीच केले नाहीत, पुढे नववीत तीच मुलं बीजगणिताला अडायला लागली आणि घरी ऐकायला मिळायचं की पोराचं लक्ष नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं. आपल्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होते, ६१७४ या आकड्याची गंमत शोधून जगभर पोचलेले गणिती, आणि बत्तीस वर्षं शाळामास्तर. इतकी वर्षं कुणी टिकावं असं मी म्हणत नाही पण सातवीच्या बाईंना विचारा की इथे किती वर्षं झाली, मधल्या वर्गांना शिकवणाऱ्या पाच जणांपैकी तिघं तीन वर्षांपेक्षा जुने असतील तर शाळा बरी आहे असं समजायला हरकत नाही. वह्या बघायला मागा. नुसती बरोबरची खूण आहे की चूक कुठे झाली ते लिहिलंय ते बघा. मधल्या सुट्टीत गेटबाहेर उभं राहिलात तरी खूप कळतं.

राहिली बस. पाथर्डी फाटा ते गंगापूर रोड सकाळी मुंबई नाक्याच्या गर्दीतनं, त्यात सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं, तीन वर्षांचं लेकरू तास-तास बसमध्ये नको. पूर्व-प्राथमिकची तीन वर्षं घराजवळच्या चांगल्या बालवाडीत काढा आणि पहिलीला मोठ्या शाळेचा विचार करा. शिक्षण हक्क कायद्यातली पहिली ते आठवी पहिलीपासूनच मोजतात, आणि पहिलीला मुलांची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायला त्या कायद्याने मनाई आहे. बस लावलीच तर बाई अटेंडंट आहे का ते बघा, २०११ च्या राज्याच्या स्कूलबस नियमांत ते आहे.

प्रश्न: मी अंबडला कंपनीत कामाला आहे. मुलीचा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) पहिलीला इंग्लिश मीडियमला नंबर लागला, आता ती सहावीत आहे, हुशार आहे. शाळेतनं कुणीतरी बोललं की नववीपासून पूर्ण फी भरावी लागेल. खरं आहे का? (एक वडील, सिडको)

उत्तर: दादा, खरं आहे, आणि हे पहिलीलाच कुणीतरी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. खाजगी शाळेत आरटीईसाठी राखीव २५ टक्क्यांतली मोफत जागा कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच आहे. नववीला शाळा फी मागू शकते. पण तुम्ही सहावीत विचारलंत हे फार चांगलं केलंत, हातात वेळ आहे.

नववीची फी किती ते आत्ताच शाळेकडनं लेखी घ्या आणि सवलतीचा अर्ज आत्ताच द्या, काही संस्था देतात. दुसरं, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. आठवीत परीक्षा होते, मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. पण ती फक्त सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे, विनाअनुदानित शाळेत शिकणाऱ्याला बसताच येत नाही, मग तो आरटीईतून का शिकत असेना. म्हणजे मुलीला ही परीक्षा द्यायची असेल तर आठवीलाच अनुदानित शाळेत न्यावं लागेल. सातवीला ५५ टक्क्यांची अट असते, तेवढं सांभाळा, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात सूट आहे.

अनुदानित म्हणजे कमी असं मनात आणू नका हो. मविप्र, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाज, १९१४ ची, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची, अशा जुन्या संस्थांच्या शाळांतनं नाशिकच्या किती पिढ्या शिकल्या. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. शाळा बदलायचीच असेल तर नववीच्या आत बदला, सीबीएसईमध्ये दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते, त्यानंतर हललं की त्रास. इंग्लिश मीडियमची सवय असली तरी सेमी इंग्लिशमध्ये अशी मुलं रुळतात, मराठी वाचन मात्र आजपासून रोज घ्या. मुलीशी बोलून ठरवा, तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, तिला अचानक सांगू नका.

प्रश्न: आमच्या शाळेने सलग दुसऱ्या वर्षी फी वाढवली, विचारलं तर म्हणतात पालक संघाने मान्य केलंय. आम्हाला पालक संघ कोण हेच माहीत नाही! (इंदिरानगर)

उत्तर: मग तेच शोधा. २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे शाळा सुरू झाल्यावर ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ करायचा असतो आणि त्याची कार्यकारी समिती लॉटरीने निवडायची असते, यादी नोटीस बोर्डावर लावायची असते. समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. त्यामुळे सलग दोन वर्षं वाढ झाली असेल तर सभेची नोटीस, लॉटरीचा दिवस आणि ठरावाची प्रत लेखी मागा. फीच्या तक्रारीसाठी विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं तर एकट्याचा अर्ज चालत नाही, २५ टक्के पालक लागतात, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं चिडण्यापेक्षा सह्या गोळा करायला लागा.

प्रश्न: मुलगा नर्सरीपासून एकाच सीबीएसई शाळेत, आता दहावीला. शाळा म्हणते अकरावी-बारावी इथेच करा. एक क्लासवाले म्हणतात इंटिग्रेटेड घ्या, कॉलेजला जायचीच गरज नाही. मुलाला कॉलेज रोडला जायचंय. इंजिनिअरिंग करायचं आहे. गोंधळ झालाय. (नाशिक रोडची आई)

उत्तर: तेरा वर्षं एका इमारतीत काढलेल्या मुलाला बाहेर जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, त्याचं ऐका. राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी देणार असेल तर ती राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते, अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०, म्हणून राज्य बोर्डाचं कॉलेज सोयीचं. आयआयटी-एनआयटीसाठीची जेईईच मुख्य असेल आणि शाळेत फिजिक्स-मॅथ्सचे शिक्षक खरंच पक्के असतील तर तिथेच राहण्यातही अर्थ आहे. इंटिग्रेटेड, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं सगळं क्लासमध्ये, मला पटत नाही, सतरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षं प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता सायन्स करायचं हे कसलं शिक्षण, आणि हजेरी कागदावर लावली जाते ती खोटीच असते, तेही मूल बघत असतं.

२०२५ पासून अकरावीची ऑनलाईन प्रवेश प्रक्रिया सगळ्या राज्यात एकच आहे, शाळेचं स्वतःचं ज्युनियर कॉलेज असेल तर तिथल्याच मुलांसाठी १० टक्के इनहाऊस कोटा मिळतो पण तुमच्या मुलाला बाहेरच जायचंय, म्हणून पसंतीक्रम विचारपूर्वक भरा, पहिल्या नंबरला कॉलेज मिळालं की त्या फेरीत ते घ्यावंच लागतं. नाशिक रोडवरनं रोज कॉलेज रोडला जायला किती वेळ लागतो ते एकदा सकाळी सातला त्याच्यासोबत बसने जाऊन बघा. आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून वाचा, त्याचं नाव, तुमचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं मार्कशीट आणि आधारशी जुळतंय का. एक अक्षर चुकलेलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण पुढे प्रत्येक प्रवेशाला हाच कागद मागतात.