ख्रिस्ती म्हणून ध्येय ठेवून, एकाग्र मनाने कसं जगावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा विश्वास आहे, उपासना चुकत नाही, बायबलवाचनही चालू आहे. तरी आयुष्याला दिशा नाही असं वाटतं आणि प्रार्थनेत मन टिकत नाही. देवाची आपल्यासाठी नेमकी काय योजना आहे हे कळत नाही, म्हणून नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं का, असाही विचार घोळतोय.

आधी योजनेबद्दल बोलतो, कारण बरीचशी घालमेल तिथून सुरू होते असं मला वाटतं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29व्या अध्यायातलं 11वं वचन तुम्हाला पाठ असेल. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, असं सांगणारं ते वचन आपण वाढदिवसाला देतो, परीक्षेच्या आधी देतो, नोकरी लागल्यावर देतो. त्याच्या वरची दहा वचनं मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवतं. हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे, आणि ते यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. त्यांच्यातले काही संदेष्टे त्यांना खोटा धीर देत होते. यिर्मयाने मात्र कळवलं की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण बाबेलची 70 वर्षं भरल्यावरच देव तुम्हाला परत आणणार आहे.

हा आकडा जरा मनात धरून पाहा. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. देवाचा हिताचा संकल्प त्यांच्यासाठीही होता, आणि तो त्यांनी परमुलखात बागेला पाणी घालता घालता जगायचा होता. म्हणून मी ठामपणे म्हणतो की देवाची इच्छा कुठेतरी दडवून ठेवलेली आहे आणि ती सापडेपर्यंत आपलं आयुष्य सुरूच झालेलं नाही, या समजुतीला शास्त्रात आधार नाही. देवाने आपल्याला कशासाठी घडवलं, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड सांगितलंय: सत्कृत्यांसाठी, आणि ती त्याने आधीच योजून ठेवली आहेत. 1647 साली वेस्टमिन्स्टर इथे तयार झालेल्या लघु प्रश्नोत्तरावलीचा, म्हणजे ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकाचा, पहिलाच प्रश्न मनुष्याच्या मुख्य हेतूबद्दल आहे. उत्तर असं की देवाचं गौरव करावं आणि त्याच्या ठायी सर्वकाळ आनंद करावा. त्यात पदवी नाही, पगार नाही, व्यासपीठही नाही. हे उत्तर आजारी माणसाला लागू पडतं, बेकाराला लागू पडतं आणि तुम्हालाही.

आता एकाग्रतेकडे येतो. यासाठी मी पुन्हा पुन्हा मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाकडे जातो. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलं होतं आणि येशूने पुष्कळांना बरं केलं होतं. पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला. त्याचा शिष्य शिमोन आणि शिमोनाचे सोबती त्याला शोधत आले आणि म्हणाले की सगळे लोक तुमचा शोध करताहेत. यावर प्रभू काय म्हणाला? आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, कारण त्याचसाठी मी निघालो आहे.

मला हा प्रसंग हलवून टाकतो. शोधणाऱ्या लोकांची गरज खोटी नव्हती. त्यांच्यात दुखणाईत असणार, आशेने आलेली माणसं असणार. तिथे थांबणं हे चांगलंच काम ठरलं असतं. तरी तो निघाला, आणि हे बळ त्याला पित्याजवळ घालवलेल्या त्या पहाटेतून मिळालं होतं असं मी मानतो. आपल्याला पापाला नाही म्हणायला शिकवतात, ते योग्यच आहे. पण विश्वासू माणसाचं आयुष्य विस्कळीत होतं ते बहुधा चांगल्याच कामांच्या गर्दीत. गायनवृंद, तरुणसंघ, तीन-चार प्रार्थना गट, प्रत्येकाच्या मदतीला धावणं, आणि वर दिवसभर फोनवर येणारी वचनं आणि संदेशांचे व्हिडिओ. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधत असलेल्या नहेम्याला ओनोच्या मैदानात भेटायला या म्हणून त्याच्या शत्रूंकडून चार वेळा निरोप आले. त्याने चारही वेळा तेच कळवलं: मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही. त्याला आलेले ते निरोप कपटी होते, आपल्याला येणारे बहुतेक प्रेमळ असतात. म्हणून आपल्याला नाही म्हणणं जास्त जड जातं.

माझी काही वर्षं वडिलांच्या आजारपणात गेली. त्या काळात मंडळीतल्या जवळजवळ सगळ्या जबाबदाऱ्या मी सोडल्या होत्या. त्यांना अंघोळ घालणं, औषधं देणं, रात्री कूस बदलणं, एवढंच माझं काम होतं. कुणी काळजीने विचारायचं, सेवा थांबली का? ती थांबली नव्हती. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलं तेव्हा तो त्या ओळींत दासांशी बोलत होता, ज्यांना आपलं काम निवडायची मुभाच नव्हती. वडिलांच्या उशाशी बसून ते वाचताना मला फार आधार मिळाला.

प्रार्थनेत मन भटकतं, याचा अपराध वाटून घेऊ नका. स्तोत्र 86 ही दाविदाची प्रार्थना आहे. शत्रू जिवावर उठलेले असताना तो देवाकडे मागतो की माझं चित्त एकाग्र कर. म्हणजे एकाग्रता हीदेखील मागायची गोष्ट आहे. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. स्तोत्रं मनातल्या मनात न वाचता मोठ्याने वाचा. मन कुठे पळालं ते लक्षात आलं की तीच गोष्ट देवापुढे मांडा. कर्जाची काळजी आली तर कर्जाबद्दल बोला. आणि सकाळी फोन हातात घेण्याआधी वचन उघडा. मी हे कटाक्षाने पाळतो.

राहिला नोकरीचा प्रश्न. करिंथात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि त्याच दिवसांत शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात लोकांशी वाद घालत होता, त्यामुळे पगाराचं काम हलकं असं मुळीच समजू नका. पूर्णवेळ सेवेचं पाचारण खरंच असतं, पण ते एकट्याने ठरवायचं नसतं. आत्ता तुम्ही ज्या मंडळीत आहात तिथे एकच जबाबदारी घ्या, शक्यतो जिचं फारसं कौतुक होत नाही अशी, आणि वर्षभर निभवा. मग तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन-तीन वडीलजनांपुढे हा प्रश्न ठेवा आणि त्यांना स्पष्ट बोलायला सांगा. लग्न झालेलं असेल तर त्यांच्याही आधी घरी विचारा.