वाड्याच्या फळ्या, चिपबोर्डचा माळा

प्रश्न : सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला, तेव्हा तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, सागवानी फळ्या मी ठेवून घेतल्या. आता त्या कोथरूडच्या घरातल्या पोटमाळ्यावर घालायच्या आहेत. तिथे लोखंडी चौकटीवर १८ मिमी चिपबोर्ड आहे. मिस्त्री म्हणतात, सरळ खिळे मारून टाकू. चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मिस्त्रींना थांबवा. चिपबोर्ड म्हणजे गोंदात दाबलेला लाकडाचा चुरा. खिळा आत जातो, पण धरून राहत नाही. त्यात सागवान पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. या ओढाताणीत खिळे ढिले झाले की पायाखाली कुरकुर सुरू.

आधी चिपबोर्डवर चालून बघा. वाजेल तिथे तो चौकटीला स्क्रूने आवळा. कडा फुगलेल्या दिसल्या तर पाणी मुरलंय. तो तुकडाच बदला. मग वर १२ मिमी प्लाय स्क्रूने बसवा, प्लायचा सांधा चिपबोर्डच्या सांध्यावर येऊ देऊ नका. फळ्या या प्लायला धरतील.

खरी मेहनत फळ्यांची. वाड्यात त्यांच्यावर माती-शेणाची जमीन होती. ती माती भेगांमध्ये असतेच, आणि मशीनच्या रंध्याचं पातं तिनेच बोथट होतं. तारेच्या ब्रशने खरवडून काढा. मोडलेल्या खिळ्यांसाठी मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवतो. बारीक छिद्रांतून पिठासारखा भुगा गळत असेल तर ती फळी किडलेली, बाजूला काढा. नऊ-दहा इंची फळ्या मधून चिरून घ्या. जीव तुटेल, पण रुंद फळी जास्त हलते.

नंतर फळ्या जिथे बसवायच्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. बसवताना भिंतीपाशी १२ मिमी फट सोडा, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. मुलीच्या घरी मी भर मे महिन्यात भिंतीला घट्ट भिडवून फळ्या बसवल्या आणि ऑगस्टमध्ये खोलीच्या मधोमध उंटाची पाठ वर आली. जावई अजून चिडवतात. तुम्ही दिवाळीच्या सुमारास काम काढा.

आणि हो, वजन चौरस मीटरला वीसेक किलोने वाढेल, चौकट करणाऱ्याला विचारून घ्या. उंचीही सव्वा इंच वाढते, तेव्हा जिन्याची शेवटची पायरी आधीच मोजा.