सात महिने न आलेली उत्तरं आणि हातातली ऑफर

तुझा प्रश्न काल रात्री वाचला, आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचला. वय २७, राहायला ठाण्याजवळ कळव्यात, नवी मुंबईत ऐरोलीतल्या एका कंपनीत चार वर्षं सपोर्टचं काम. प्रोसेस, म्हणजे ज्या कामासाठी टीम होती तेच, बंद झाली म्हणून सगळी टीम घरी बसवली. सात महिन्यांत तीनशेच्या वर अर्ज आणि अकरा मुलाखती, त्यातल्या आठ ठिकाणांहून "कळवतो" म्हणाल्यावर पुढे काहीच नाही. आता एका कन्सल्टन्सीच्या पेरोलवर वर्षभराच्या कंत्राटाची ४.२ लाखांची ऑफर आहे आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. शेवटच्या ओळीत तू विचारलंयस, "माझ्यातच काही खोट आहे का?"

तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

खोटीचं आधी बोलू, कारण ते मनात ठेवून बसलेला माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. मी चौदा वर्षं भरतीचं काम केलं, महापे-ऐरोली पट्ट्यातच. तू ज्या मौनाकडे बघत बसलायस, ते मी आतून पाहिलंय.

एक जागा निघाली की पोर्टलवर टाकायची आणि तीच चार-पाच कन्सल्टन्सींना द्यायची. म्हणून एकाच जागेसाठी तुला चार वेगवेगळे फोन येतात आणि तुला वाटतं चार संधी आहेत. दोन दिवसांत अर्ज इतके साचायचे की सगळे उघडणं एका माणसाला शक्यच नसायचं. मग फिल्टर लावायचे. अनुभवाची वर्षं, सध्याचा पगार, ठिकाण, नोटीस पिरियड. उरलेल्यांतले वरचे चाळीस-पन्नास उघडायचे. त्यात पाच चांगले सापडले की पुढची यादी तशीच राहायची. तुझ्या तीनशे अर्जांपैकी बहुतेक कुणी वाचलेलेच नसणार. न वाचलेल्या अर्जावरून तुझी लायकी कशी ठरेल?

मुलाखतीनंतरच्या मौनाची कारणं वेगळी असतात. कधी तिमाही संपताना वरून भरती थांबवतात. कधी आतल्याच टीममधला माणूस त्या जागेवर सरकवतात, पण नियम म्हणून बाहेरच्या चार जणांना बोलवावं लागतं. कधी मॅनेजर स्वतःच राजीनामा देतो. एचआरला यातलं बाहेर सांगायची परवानगी नसते आणि "नाही" म्हणावं तर जागा उद्या परत उघडेल अशी आशा असते. म्हणून कुणी काहीच बोलत नाही. बदलापूरचा एक मुलगा मला तीन आठवडे फोन करत होता. तिन्ही फेऱ्या त्याने उत्तम दिल्या होत्या, जागा मात्र गोठवली गेली होती. सांगण्यासारखं काही नाही म्हणून मी फोन उचलणं बंद केलं. ती माझी चूक होती. एका वाक्यात त्याला मोकळं करता आलं असतं. त्याने स्वतःबद्दल काय काय समजून घेतलं असेल, हा विचार मला नंतर फार छळायचा, कारण जुलै २०२० मध्ये मीच त्याच्या जागी जाऊन बसले. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि चौदा वर्षांचा अनुभव घरी.

अकरा महिने गेले. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळेच घरून काम करत होते, त्यामुळे लपवणं सोपं होतं आणि त्यानेच जास्त नुकसान झालं. कुणाला माहीतच नाही तर कुणी सुचवणार कसं? शेवटी एका जुन्या सहकारी बाईंना खरं सांगितलं. त्या तोवर रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात गेल्या होत्या. तिथे माणूस हवा होता आणि जाहिरात कुठेच नव्हती. पगार आधीपेक्षा कमी मिळाला आणि आजही तो जुना आकडा पुन्हा गाठलेला नाही, हेही सांगते. पण महिन्याच्या सात तारखेला पैसे जमा होतात आणि संध्याकाळी साडेसहाला मी गेटबाहेर असते.

म्हणून तुझं शोधणं थोडं वळवायला हवं असं मला वाटतं. तू फक्त काचेच्या इमारती बघतोयस. दिघ्यापासून तुर्भे, नेरुळपर्यंत पसरलेल्या एमआयडीसीत रसायनं, इंजिनिअरिंग, अन्नपदार्थ, छपाई, गोदामं असं कितीतरी आहे. त्यांनाही आयटी सपोर्ट, ईआरपी (कारखान्याचा हिशेब आणि माल सांभाळणारं सॉफ्टवेअर), बिलिंग, डिस्पॅच सांभाळणारी माणसं लागतात. बऱ्याच ठिकाणी भरती ओळखीवर, गेटवरच्या पाटीवर किंवा अकाउंटंटच्या फोनवर होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटचंही तसंच. एमआयडीसीची सुरुवात जिथून झाली तो हा भाग, पण आपल्या मुलांना तिथे आता फक्त कॉल सेंटर दिसतं. तुला तर कळवा-विटावा रस्त्याने दिघा जवळ, आणि दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. या कारखान्यांत शनिवार बहुतेक भरतो, हे धरून चल. आठवड्यातून एक दिवस अर्ज बंद ठेव आणि दहा जुन्या माणसांना फोन कर. टीममधले, आधीचा टीम लीड, सर्व्हर दुरुस्त करायला यायचा तो व्हेंडरचा माणूससुद्धा. "नोकरी बघ" म्हणू नकोस. "तुमच्याकडे सपोर्टचं काम कोण बघतं?" एवढंच विचार.

पोर्टलवर एक गोष्ट आजच बदल. तू उद्याही रुजू होऊ शकतोस, हे सगळ्यात वर लिही. नव्वद दिवसांच्या नोटीसवाल्यांना कंटाळलेला रिक्रूटर तोच फिल्टर आधी लावतो. दर दोन-तीन दिवसांनी प्रोफाइलमध्ये काहीतरी छोटं बदलत राहा, कारण अलीकडे कोण सक्रिय होतं तेही ते बघतात.

सात महिन्यांचा गॅप लपवू नकोस. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरची (पीएफच्या कायम राहणाऱ्या क्रमांकावरची) नोकरीची नोंद मागतात आणि तारखा तिथे उघड दिसतात. त्या नोंदीत जुन्या कंपनीने तुझी सोडल्याची तारीख टाकलीय का, ते आज बघ. टाकली नसेल तर नोकरी सुटून दोन महिने झाल्यावर ती तुला स्वतःला ऑनलाइन टाकता येते. ती रिकामी राहिली तर नव्या ठिकाणी तू दोन नोकऱ्या करतोयस असं दिसतं. या एका कारणावरून ऑफर अडकलेल्या मी पाहिल्यात.

आता ऑफर. तू म्हणतोस ४.२ म्हणजे महिना ३५ हजार, आधी हातात २९,५०० यायचे, म्हणजे वाढच आहे. थांब, मांडून बघू. ऑफरसोबतच्या पगाराच्या तपशिलात, तू लिहिलंयस त्याप्रमाणे, दहा टक्के व्हेरिएबल आहे, म्हणजे कामगिरीवर मिळेल न मिळेल असा भाग, म्हणजे वर्षाचे ४२,००० बाजूला. राहिले महिना ३१,५००. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० धरलाय, ग्रॅच्युइटीचे ८४२, विम्याचे ५००. उरले २८,३५८. त्यातून तुझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जाणार, फेब्रुवारीत ३००. हातात २६,३५८. म्हणजे आधीपेक्षा तीन हजारांहून जास्त कमी. ग्रॅच्युइटी हातात येते ती नोकरी सोडताना आणि अटी पूर्ण झाल्या तरच. व्हेरिएबल कोण ठरवणार आणि कधी देणार, याचा त्या कागदावर उल्लेखही नाही.

याचा अर्थ नाही म्हण असा होत नाही. घरात वडील निवृत्त आणि बहिणीची शेवटच्या वर्षाची फी बाकी, हे तू लिहिलंयस. २६ हजार येणं आणि काहीच न येणं यात फार अंतर आहे, आणि नोकरीत असताना दुसरी शोधणं मनाला सोपं जातं. मी तुझ्या जागी असते तर घेतली असती, पण काही गोष्टी ईमेलवर लेखी आल्यावरच. नोटीस पिरियड किती? कंत्राटाला नव्वद दिवसांची नोटीस लावली असेल तर तू अडकलास, तीस दिवस कर म्हणून माग. क्लायंटने, म्हणजे तू प्रत्यक्ष जिथे काम करणार त्या कंपनीने, मधेच काम बंद केलं तर तुला किती दिवसांचा पगार मिळणार? व्हेरिएबल कशावर ठरतं? पीएफ पहिल्या महिन्यापासून जुन्याच यूएएनवर भरणार का? आणि "सहा महिन्यांनी क्लायंट कायम करतो" हे तोंडी बोलणं हिशेबात धरू नकोस. कधीकधी करतातही, पण त्या भरवशावर सही करायची नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील किंवा बॉन्ड म्हणून कोरा चेक मागत असतील तर तिथून उठ.

पीएफ काढू का, असंही विचारलंयस. शक्यतो हात लावू नकोस. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो, आणि नोकरी बदलताना खातं ट्रान्सफर केलंस तर मागची चार वर्षं त्यात धरली जातात. कंपनीच्या वाट्यातला भाग पेन्शनमध्ये जातो, १५,००० च्या मर्यादेवर महिना १,२५०. पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. तो भाग काढलास की तुझी चार वर्षं पुसली जातात. फीसाठी अगदीच लागले तर पीएफमधून अॅडव्हान्स घे, पेन्शनचं राहू दे.

स्टेशनजवळच्या त्या "हमखास नोकरी"वाल्याला दिलेल्या ८,५०० बद्दल मला फार वाईट वाटलं. लाज तुला वाटायचं काही कारण नाही, गरजू माणसाकडून पैसे घेणाऱ्याला वाटायला हवी. खरा रिक्रूटर उमेदवाराकडून पैसे घेत नाही, त्याला कंपनी देते. ऑनलाइन पाठवले असतील तर १९३० वर फोन करून तक्रार नोंदव. उशीर झाला असला तरी नोंदव आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेव.

आईला खरं सांग. "चाललंय" असं सांगत राहिलास की घरात सगळेच एकमेकांना सांभाळत बसतात आणि कुणाला झोप लागत नाही. मी अकरा महिन्यांनी सांगितलं तेव्हा माझी आई म्हणाली, मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

ऑफरबद्दलचे हे प्रश्न विचारणारं ईमेल कन्सल्टन्सीला आज रात्रीच पाठव, म्हणजे शनिवारी त्यांच्याकडे उत्तर द्यायला दिवस राहील. जे येईल ते नावं झाकून इथे टाक. मी नऊनंतर बघते, रविवारी सकाळपासूनच असेन.