आढ्यापर्यंत न गेलेली भिंत

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या खेड्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. भाताच्या शेताची वाटणी फिसकटली आणि बाबांनी न् काकांनी सोप्यात मधोमध भिंत घातली. भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही, डोक्याच्या वर हातभर तेवढी आहे. २२ वर्षं झाली, दोघं बोलत नाहीत. मी त्यावर मोबाइलवर अर्ध्या तासाची फिल्म करतोय. पैसे माझेच, कलाकार घरचेच. भांडणाचा प्रसंग कसा घ्यावा? मला बाबांचंच खरं वाटतं, ते तसं दाखवू काय? आई म्हणते, घरचं चव्हाट्यावर नको.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : भांडण घेऊच नका. तेव्हा तुम्ही लहान असणार. तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय तो अबोला, आणि तोच तुमच्या हातात आहे.

भिंत वर उघडी आहे हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत, पण मी तिथंच थांबलो. म्हणजे पलीकडची फोडणी अलीकडं येते. काकांचा खोकला बाबांना रात्री ऐकू येतो, आणि एखाद्या रात्री नाही आला तर बाबा जागे राहत असतील. रात्री सगळं निजल्यावर बाबांच्या बाजूला कॅमेरा लावा आणि दुसरा मोबाइल काकीला विचारून पलीकडं फळीवर ठेवा, नुसत्या आवाजासाठी. पंखा बंद करायला विसरू नका.

गणपती तुमच्याकडं मूळ घरात एकच बसत असेल, वाटण्या झाल्या तरी आपल्याकडं बहुतेक घरांत तसंच असतं. आरतीनंतर ताट बाबांकडनं काकांकडं कसं जातं बघा. मधे एखादं पोर उभं असेल. ताट देताना बाबांची नजर कुठं असते, तेवढंच टिपा.

जमिनीचा उतारा आपल्याकडं कन्नडात येतो. दोघांना कन्नड वाचता येत नसेल, तर तो कुणाकडनं वाचून घेतला? दोघंही वेगवेगळ्या दिवशी त्याच माणसाकडं गेले काय? विचारून घ्या. त्या वाचणाऱ्याचं कन्नड तसंच राहू दे, डबिंग नको, खाली मराठी ओळी द्या.

पुढं थिएटरात लावायची झाली तर १९५२ च्या कायद्याप्रमाणं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. ते नंतर बघू.

आता बाजूचं. मीही एक छोटी फिल्म केली होती, माझ्या आणि थोरल्या भावाच्या अबोल्यावर. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरात आप्पांचा खड्ड्याचा हातमाग. आप्पा गेले आणि मागाच्या खोलीवरून आमचं तुटलं. फिल्ममध्ये सगळा अन्याय माझ्यावर झालेला. जुळवणी, म्हणजे एडिटिंग झाल्यावर वहिनीला दाखवली. ती शेवटपर्यंत गप्प बसली, मग म्हणाली, "भावोजी, त्या रात्री हे भर पावसात आले होते कनी, तुम्ही दार उघडलं नाही. ते कुठं आहे ह्यात?"

मला चांगलं आठवत होतं. कडी वाजत होती आणि मी आत उभा होतो. तो प्रसंग मी घातला, आणि तेव्हा कुठं फिल्म उभी राहिली. तुमच्या बाबांचं असं एखादं दार असेल. ते सापडेपर्यंत जुळवणीला बसू नका. काकांचं काय चुकलं हे तुम्हाला लहानपणापासून घरात सांगितलं गेलंय. बाबांचं तुम्हालाच शोधावं लागेल, त्याला काकीजवळ बसा.

आईची काळजी खरी आहे. म्हणून बाहेर कुठंही दाखवायच्या आधी काकांना दाखवा, आणि ते जे काढ म्हणतील ते काढायची तयारी ठेवून दाखवा. माझ्या भावानं अख्खी फिल्म बघितली, माझ्याकडं बघितलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "हा आवाज यंत्रमागाचा आहे. आप्पांचा माग असा वाजत नव्हता." बरोबर होतं. मला हातमागाचा आवाज कुठं मिळाला नव्हता, म्हणून शेजारच्या कारखान्यातला घेतला होता. तो मागाच्या खोलीत गेला, खड्ड्यात पाय सोडून बसला आणि धोटा टाकायला लागला. दोन ठोके, मधे धोट्याची सर, परत दोन ठोके. मी रेकॉर्डर घेऊन त्याच्या गुडघ्याजवळ बसलो होतो, ११ मिनिटं. बोललो काहीच नाही. फिल्ममध्ये आज जो माग वाजतो तो त्याच्या हातचा आहे.

काकांना बोलवाल त्या दिवशी दुसरा मोबाइल चार्ज करून जवळ ठेवा.